करारपत्र नाही, पण भाडे येते : मालकाने काय करावे?

बोदलकसा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून कुणाची तरी एखादी खोली रिकामी असते. ओळखीचा कारागीर येतो, शिलाई मशीन मांडतो, दर महिन्याला भाडे हातावर ठेवतो. कागद होत नाही. दोन-तीन वर्षांनी मालकाच्या मुलाला तिथे दुकान टाकायचे असते. मग मालक म्हणतो, करारच नाही तर हा भाडेकरू कसला? कुलूप ठोकतो!

हा समज महागात पडतो. ताबा दिला आणि भाडे घेतले की कागद नसतानाही कायदा महिनेवारी भाडेपट्टा धरतो. अँथनी विरुद्ध के. सी. इत्तूप या केरळच्या खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. तिथे करार होता, पण नोंदणी नव्हती. तरी भाडेकरू भाडेकरूच ठरला. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हे पाहिले जात नाही.

माणूस सरळ असेल तर लगेच करार करून नोंदवावा, हे सगळ्यात स्वस्त. जागा परत हवी असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी. कारखान्याच्या जागेला सहा महिन्यांचीही गोष्ट निघते, तेव्हा वकिलाला विचारावे. नोटिशीची मुदत संपल्यावर मात्र पूर्वीसारखे भाडे घेत राहू नये. ती नोटीस सोडून दिली असे मानले जाऊ शकते. रक्कम घ्यायचीच तर 'जागेच्या वापराची भरपाई, हक्क राखून' असे पावतीवर लिहावे. तरीही तो हटला नाही तर दिवाणी दावा.

हे झाले खेड्याचे. ज्या गावा-शहरांची नावे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या अनुसूचीत आहेत, तिथे नुसती नोटीस पुरत नाही, कायद्यात दिलेले कारण कोर्टात सिद्ध करावे लागते. आपल्या विदर्भात हा कायदा ३१ मार्च २००० ला आला. त्याआधी १९४९ चा हुकूम होता. त्यात नोटिशीआधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. नव्या कायद्याच्या कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. अकरा महिन्यांचा कागद नोंदवावा लागत नाही, ही बाजारातली समजूत तिथे चालत नाही. कागद नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरे, उलट सिद्ध होईपर्यंत.

पावती दिली तर भाडेकरू पक्का होतो, या भीतीने बरेच मालक पावती देत नाहीत. मला हे उलटे वाटते. कापडाच्या एका गाठीचे चलान आपण वर्षानुवर्षे जपतो आणि दुकानाचे भाडे तोंडी! भाडेकरू म्हणून आत आलेला माणूस भाडेपट्टा चालू असेतो मालकाची मालकी नाकारू शकत नाही. तो भाडेकरू म्हणून राहतो, याचा पुरावा पावतीच्या स्थळप्रतीतच असतो. थकबाकी मागायची असेल तर मुदत तीन वर्षांची आहे.