भरलेले धरण, खालचे शहर

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही टिकले नाही आणि दुपारपर्यंत पुण्यातल्या मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पानशेतचे काम तेव्हा पूर्ण झालेले नव्हते. पाणी सोडण्याच्या मोरीची कामे अपुरी होती, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. मोरीच्या वरचा भराव खचू लागला, तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर पोती रचून भिंत सावरून धरली. त्यामुळे मिळालेल्या काही तासांनी असंख्य जीव वाचले. पुरानंतर शहराचे नळ कोरडे पडले आणि लोक वाड्यांतल्या विहिरींकडे वळले.

आज पुण्याला पाणी देणारी मुख्य चार धरणे आहेत : टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. चारही मिळून उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. यातले खडकवासला सर्वांत खाली आणि सर्वांत लहान आहे. त्यात जेमतेम दोन टीएमसी पाणी मावते, पण वरच्या तिन्ही धरणांचे पाणी त्यातूनच शहराकडे आणि कालव्याकडे जाते. हाच कालवा पुढे हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतांना पाणी पुरवतो.

पावसाळ्यात धरणावरच्या अभियंत्यांसमोर दोन मागण्या एकाच वेळी उभ्या असतात. पुढच्या जूनपर्यंत पिण्याला आणि शेतीला पाणी पुरायचे, तर धरण भरलेले हवे. पूर अडवायचा, तर त्यात जागा मोकळी हवी. म्हणून कोणत्या तारखेला पातळी किती ठेवायची, याचे वेळापत्रक आधीच आखलेले असते. जुलैत थोडी जागा राखायची आणि पाऊस ओसरू लागला की साठा पूर्ण करायचा, असा त्याचा साधारण हिशेब. पाऊस मात्र वेळापत्रक पाळत नाही. जुलैत पाणी सोडून दिले आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर उन्हाळ्यात टँकर लागतात; सोडले नाही आणि घाटमाथ्यावर अतिवृष्टी झाली, तर एकदम मोठा विसर्ग करावा लागतो.

२५ जुलै २०२४ रोजी पुणेकरांनी हे अनुभवले. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेकने पाणी सोडावे लागले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. या वेगाने चोवीस तासांत तीन टीएमसी पाणी वाहून जाते, म्हणजे खडकवासल्याच्या साठ्याच्या दीडपट. एवढ्या लहान जलाशयात मोठा येवा फार काळ रोखून धरता येत नाही. वरच्या धरणांमध्ये जागा असली, तरी त्या धरणांच्या खाली आणि खडकवासल्याच्या वर पडणारा पाऊस थेट इथेच येतो. त्यामुळे धरणाइतकीच नदीपात्राचीही काळजी घ्यावी लागते. पूररेषेच्या आत भराव टाकला, बांधकामे उभी राहिली, की पूर्वी निमूट वाहून जाणारा विसर्ग घरांत घुसतो.

भिंतीची देखरेख हे याहून सावकाश चालणारे काम. प्रत्येक धरणातून थोडे पाणी झिरपतेच. ते एका चारीत गोळा करून त्रिकोणी खाचेच्या पत्र्यावरून वाहू देतात आणि खाचेतल्या पाण्याची उंची पट्टीवर वाचून नोंदवतात. जलाशयाची पातळी तेवढीच असताना आकडा वाढला, तर कारण शोधावे लागते. मातीच्या धरणाखाली झिरपणारे पाणी गढूळ दिसले, तर धोका मोठा असतो, कारण आतली माती वाहून जात असते. टेमघरच्या दगडी भिंतीतून होणारी मोठी गळती २०१६ साली चर्चेत आली. मग भिंतीत छिद्रे पाडून सिमेंटचे मिश्रण दाबाने भरावे लागले.

कालव्यांचीही तीच गोष्ट. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पूल परिसरात मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि धरणे शाबूत असताना गरिबांच्या वस्तीतले संसार वाहून गेले.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली. धरण फुटले किंवा अचानक मोठा विसर्ग करावा लागला, तर पाणी कुठवर आणि किती वेळात पोहोचेल, कोणाला कधी हलवायचे, याचा आपत्कालीन कृती आराखडाही प्रत्येक धरणासाठी तयार हवा. जुन्या धरणांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. हे आराखडे जलसंपदा विभागाच्या कपाटात राहून भागणार नाही. मुठेकाठच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात आपापल्या भागाचा नकाशा मराठीत लावलेला हवा आणि किती क्युसेकला कोणत्या गल्लीत पाणी येते, हे तिथल्या रहिवाशांना मे महिन्यातच सांगितलेले हवे.