अधिवृक्क ग्रंथीतील विकरदोष आणि फीडबॅकचे चक्र

कंट्रोल सिस्टिम शिकवताना आम्ही फीडबॅकसाठी नेहमी गिझरच्या थर्मोस्टॅटचे उदाहरण देतो. त्याच तत्त्वावर चालणारे शरीरातले एक चक्र जन्मतःच बिघडले तर काय होते, ते या टिपणात पाहू.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. त्यांना तो हुकूम पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच या संप्रेरकाद्वारे देते, आणि पिट्युटरीला हायपोथॅलॅमस. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की तेच या दोघांना आवरते. हा झाला निगेटिव्ह फीडबॅक.

कॉर्टिसॉल बनायला २१-हायड्रॉक्सिलेज हे विकर लागते. आई आणि वडील दोघांकडूनही त्याच्या जनुकाची सदोष प्रत आली, तर हा टप्पा अडतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता २५ टक्के. आमच्या तमिळनाडूत मामा-भाचीचे लग्न नवे नाही, महाराष्ट्रातही मामेबहिणीशी सोयरीक होते. अशा नात्यात दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो.

आता चक्र पाहा. कॉर्टिसॉल कमी, म्हणून एसीटीएच वाढते. ग्रंथी फुगते, पण माल पुढे सरकत नाही. १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन साचते आणि ज्या वाटेला हे विकर लागत नाही त्या वाटेने अँड्रोजन बनत राहते. अँड्रोजन कितीही वाढले तरी एसीटीएच आवरत नाही, कारण हे चक्र कॉर्टिसॉल मोजते.

मुलीच्या बाह्य जननेंद्रियांत फरक दिसतो, म्हणून जन्मताच शंका येते. मुलगा मात्र निरोगी दिसतो. तीव्र प्रकारात अल्डोस्टेरॉनही बनत नाही. लघवीवाटे सोडियम जाते, रक्तात पोटॅशियम चढते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू होतात, बाळ सुकते. जुलाब-उलट्यांचा साधा आजार समजून वेळ गेला तर बाळ दगावते.

टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन मोजून हे आधी कळू शकते. आयसीएमआरने पाच शहरांत लाखाहून अधिक नवजात बाळे तपासली, तेव्हा प्रमाण ५,७६२ मध्ये १ आले. चेन्नईत २,०३६ मध्ये १, मुंबईत ९,९८३ मध्ये १. दुर्मीळ आजारात सापडलेली बाळे मोजकीच असतात, त्यामुळे शहरांमधला फरक जपून वाचावा. पण तपासणी हवी, याबद्दल मला शंका नाही.

१९५० मध्ये बाल्टिमोरच्या लॉसन विल्किन्स यांनी कॉर्टिसोन देऊन दाखवले की या उपचाराने अँड्रोजनही उतरते. उणीव भरली, शिवाय एसीटीएचचा हुकूमही थांबला. आज मुलांना हायड्रोकॉर्टिसोन देतात. अल्डोस्टेरॉनचे चक्र वेगळे, रेनिन आणि पोटॅशियमवर चालणारे. म्हणून त्यासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोन ही वेगळी गोळी.

खरी अडचण इथून पुढे आहे. ताप आला की निरोगी ग्रंथी आपोआप जास्त कॉर्टिसॉल सोडते. गोळीला ताप कळत नाही. ही व्यवस्था ओपन लूप आहे. लूप पूर्ण करायचा तो घरच्यांनी. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे तापात डोस दुप्पट-तिप्पट करायचा, गोळी उलटून पडत असेल तर इंजेक्शन. एरवी डोस जास्त झाला तर वाढ खुंटते. कमी पडला तर अँड्रोजनमुळे हाडे लवकर पक्की होतात आणि शेवटी उंची कमीच राहते!

सरावासाठी: दोन्ही चक्रांची ब्लॉक आकृती काढा. रुग्णाला फक्त फ्लुड्रोकॉर्टिसोन दिले, तर एसीटीएच आणि अँड्रोजन यांचे काय होईल?