गहाण पडलेल्या कोरण्या

अँटवर्पच्या विरिक्स बंधूंविषयी, म्हणजे यान, हिरोनिमस आणि आंतोन यांच्याविषयी वाचताना मी एका पत्राशी अडखळतो. त्यांना काम देणारा प्रकाशक प्लांटिन १५८७ साली लिहितो की, हे गुत्त्यात सापडतील. आधी त्यांचे कर्ज-दंड भरा, गहाण हत्यारे सोडवा. हिरोनिमसच्या हातून एक बाई मेली, तो तुरुंगात गेला, हेही खरे. पण कारागीर हत्यार गहाण का टाकतो, हे आमच्या घरात कुणाला विचारावे लागले नाही. तांब्याच्या पत्र्यावर चित्र उलटे कोरायचे. कोरणी घसरली की पत्रा घासून पुन्हा सुरुवात. थरथरत्या हाताला हे जमते काय? जेझुइट नादालच्या १५९३ च्या चित्रग्रंथात १५३ चित्रे आहेत. त्यांत या भावांचा वाटा मोठा. त्यांचे ठसे मोगल दरबारापर्यंत गेले, तिथल्या चित्रकारांनी ते गिरवले. प्लांटिनचे पत्र सगळे सांगतात. यानने ड्यूररच्या ‘आदम आणि हव्वा’ची नक्कल कोरली, तेव्हा पत्र्यावर स्वतःचे वयही कोरले : १६.