दुरुस्ती तर झाली, पण पाठवायची कधी?

मागच्या वर्षी एका आठवड्यात मी माझ्या स्क्रिप्टचे चार अपडेट काढले. तेव्हा फार कामाचं वाटलं होतं. स्क्रिप्ट साधीच: खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्याची विद्युतवाहकता घ्यायची, क्षारतेच्या वर्गांत टाकायची आणि क्यूजीआयएसमध्ये नकाशा काढता येईल अशी फाइल द्यायची. कोड खुला होता. अमरावतीत मी वापरायची, अकोल्यातली एक ज्युनिअर तिच्या प्रबंधासाठी वापरायची. शुक्रवारी तिचा फोन आला, "ताई, दर्यापूरकडची ही विहीर माह्या नकाशात गोडी कशी काय दिसून रायली?"

झालं असं, की दुसऱ्या अपडेटमध्ये मी रिकाम्या नोंदीला शून्य धरलं होतं. शून्य वाहकता म्हणजे २५० मायक्रोसिमेन्सच्या आतला सगळ्यात चांगला वर्ग! तिसऱ्या अपडेटमध्ये ती चूक मी काढलीही होती. पण तिच्याकडे दुसराच होता. रोज उठून नवा अपडेट कोण बघणार? दुसऱ्या दिवशी तो नकाशा तिच्या गाइडपुढे जायचा होता.

तुम्हीही संशोधनाला लागलात की कधी ना कधी तुमचा कोड दुसऱ्याच्या हातात जाईल. म्हणून हा प्रश्न आधीच समजून घ्या. देखभाल अपडेट म्हणजे नवी सोय नाही, फक्त चुकांची दुरुस्ती. ती किती दिवसांनी बाहेर काढायची?

दोन पद्धती आहेत, आणि अकोला-अमरावती रस्त्यावर दोन्ही दिसतात. काळीपिवळी भरली की सुटते; एसटी वेळ झाली की सुटते. पुरेशा दुरुस्त्या साठल्या की अपडेट काढायचा, ही काळीपिवळी. क्यूजीआयएस एसटीसारखं चालतं. दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती, वर्षातून एक दीर्घकालीन आवृत्ती, आणि तिला साधारण दर महिन्याला दुरुस्तीचा अपडेट. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेली ३.२८ अशीच वाढत ३.२८.१५ पर्यंत गेली. वेळापत्रकाचा खरा फायदा मला उशिरा कळला: पुढची गाडी महिन्यात आहे हे माहीत असलं की अर्धीकच्ची दुरुस्ती आजच्या गाडीत कोंबायचा मोह होत नाही. माझा तो दुसरा अपडेट रात्री साडेअकराचा होता, एवढंच सांगते.

पण महिनाच का? इथे थोडं गणित करू. एक अपडेट काढायला (तपासणं, सूचना लिहिणं, लोकांना कळवणं) लागणारा वेळ अ तास. दर ट दिवसांनी अपडेट काढला तर रोजचा खर्च अ ÷ ट. दुसरीकडे, तयार दुरुस्ती सरासरी ट ÷ २ दिवस पडून राहते, आणि तोवर वापरणाऱ्यांचा वेळ वाया जातो. दिवसाला जितक्या दुरुस्त्या तयार होतात त्याला एका दुरुस्तीच्या रोजच्या नुकसानीनं गुणा. त्याला ब म्हणू. मग एकूण रोजचा खर्च अ ÷ ट + ब × ट ÷ २. हा सगळ्यात कमी कधी? ट = √(२अ ÷ ब) असताना. वाणिज्यवाल्या मित्राला दाखवा, तो म्हणेल हे तर माल किती मागवायचा त्याचं सूत्र!

माझे अंदाजी आकडे घाला. अ = ८ तास. महिन्याला तीन दुरुस्त्या, म्हणजे दिवसाला ०.१, प्रत्येकीमुळे रोज सहा मिनिटं, म्हणजे ०.१ तास वाया; ब = ०.०१. उत्तर येतं ४० दिवस, रोजचा खर्च २४ मिनिटं. आता गंमत बघा. ३० दिवस घेतले तर खर्च २५ मिनिटं, ६० घेतले तर २६. तळाशी वक्र जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे महिना की दोन महिने यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. लक्षात राहील अशी तारीख घ्या. पण दर आठवड्याला काढला तर? सत्तर मिनिटांच्या वर. माझे चार अपडेट तर त्याच्याही पलीकडचे. आणि तपासणी आपोआप होईल अशी लावून अ दोन तासांवर आणला, तर योग्य अंतर निम्मं, २० दिवस.

या सूत्रात एक गोष्ट बसत नाही: सगळ्या चुका सारख्या नसतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीत असं भगदाड सापडलं, की बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. तिथे महिन्याची वाट बघणं शक्यच नव्हतं. तिथे ॲम्ब्युलन्सच लागते. पण घाईचीही किंमत आहेच. २.१५.० ची दुरुस्ती अपुरी निघाली, मग २.१६.०, मग २.१७.०, सगळं पंधरवड्याच्या आत.

आणि काही गोष्टी देखभाल अपडेटमध्ये येऊच नयेत. क्यूजीआयएस ज्या जीडॅल लायब्ररीवर चालतं, तिच्या ३.० आवृत्तीत २०१९ मध्ये अक्षांश आधी की रेखांश आधी, हा क्रम प्रमाणानुसार बदलला. बदल बरोबरच होता. पण जुनी स्क्रिप्ट तशीच चालवली आणि क्रम उलटला, तर २०.७ उत्तर, ७७ पूर्वचं अकोला थेट ७७ उत्तरेला, स्वालबार्ड बेटांजवळच्या समुद्रात! म्हणूनच तो ३.० म्हणून आला, एखादा २.४.५ म्हणून नाही.

आता मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी अपडेट काढते. उत्तरच चुकवणारी चूक असेल तर त्याच दिवशी, पण आधी फोन करून. ज्युनिअरनं मात्र सरळ सांगितलंय की प्रबंध जमा होईस्तोवर ती नवीन काही घेणार नाही. तिच्या पद्धती-प्रकरणात आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला आहे, आणि रिकाम्या नोंदींच्या विहिरी तिनं हातानं मोजून वेगळ्या काढल्यात.