विषम असली म्हणजे मूळ?

संख्या मूळ आहे की संयुक्त हे ठरवताना पुष्कळ मुले तिच्या रूपावर जातात. विषम दिसली की मूळ, सम दिसली की संयुक्त. ५१, ५७, ८७ आणि ९१ या तर भल्याभल्यांना मूळ वाटतात. प्रत्यक्षात ५१ = ३ × १७, ५७ = ३ × १९, ८७ = ३ × २९ आणि ९१ = ७ × १३. उलट २ सम असूनही मूळ आहे, कारण तिचे विभाजक दोनच: १ आणि २. बरोबर दोन विभाजक असतील तर मूळ, त्याहून अधिक असतील तर संयुक्त. दुसरी कसोटी नाही.

मग १ चे काय? तिचा विभाजक एकच, म्हणून ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही. हे उत्तर मुलांना पाठ असते, पण पटलेले नसते. ‘१ लाही १ ने आणि स्वतःने भाग जातोच ना?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘व्याख्याच तशी आहे’ म्हणून तो मिटवू नये. पूर्वी मोठे गणितज्ञही १ ला मूळ धरत. गोल्डबाख यांनी १७४२ मध्ये ऑयलर यांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात तसेच धरले आहे. पुढे १ वगळली गेली, त्याचे कारण अवयवांत सापडते. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३. क्रम कसाही बदला, अवयव तेच राहतात. १ पेक्षा मोठ्या प्रत्येक नैसर्गिक संख्येचे असेच आहे, आणि मसावि-लसावि काढण्याची मूळ अवयव पद्धत यावरच उभी आहे. १ मूळ मानली, तर १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ अशा हव्या तेवढ्या मांडण्या होतील आणि हा सुंदर नियम मोडेल.

९७ तपासायला ९६ पर्यंत भागत बसण्याची गरज नाही. २, ३, ५ आणि ७ पुरेत. या चौघांपैकी कोणानेही ९७ ला भाग जात नाही; तरीही ती संयुक्त असती, तर तिचे दोन्ही अवयव किमान ११ असते, आणि ११ × ११ म्हणजे १२१, ९७ पेक्षा जास्त.

सहमूळ संख्या स्वतः मूळ असाव्या लागत नाहीत. ८ आणि १५ दोन्ही संयुक्त आहेत, तरी सहमूळ. त्यांचा सामाईक विभाजक फक्त १.

मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दाखवले. त्यावरूनही एक गैरसमज रुजतो: पहिल्या काही मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला, की उत्तर मूळच येते. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१, आणि ही संख्या ५९ × ५०९ आहे. युक्लिडचे म्हणणे एवढेच, की उत्तराचा मूळ अवयव आधीच्या यादीत नसतो. ५९ आणि ५०९ त्या यादीत नाहीतच.