फाळक्यांचा संसार आणि त्यांची कला

मुंबईहून नाशिकास जाणारी आगगाडी कसाऱ्याचा घाट चढूं लागते, तेव्हां बहुतेक गाड्यांस मागून जादा इंजिनें जोडावीं लागतात. सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ आहे. इगतपुरीस तीं इंजिनें सुटतात आणि उतारू चहा घेऊन पुढें निघतात. तेथल्या फलाटावर उभे असतां आम्हांस कै. दादासाहेब फाळके ह्यांची आठवण होते. १९१३ सालीं त्यांनीं आपला चित्रपटांचा कारखाना मुंबईहून घाटमाथ्यापलीकडे नाशिकास आणला.

धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृताचे व्युत्पन्न पंडित. शास्त्र्यांच्या ह्या मुलानें १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत नांव घातलें. मग बडोद्याचें कलाभवन गांठलें. गोध्र्यास छायाचित्रांचा व्यवसाय मांडला, तों प्लेगानें पत्नी व मूल दोन्ही नेलीं. पुढें पुराणवस्तु खात्यांत नोकरी केली, आडनांवाचीं अक्षरें उलटवून ‘प्रोफेसर केल्फा’ ह्या नांवानें जादूचे प्रयोग केले, छापखाना काढला, त्यासाठीं १९०९ त जर्मनीस जाऊन आले आणि भागीदारांशीं न पटल्यानें तोही सोडला. शेजारपाजारच्या वडील माणसांनीं अशा गृहस्थास ‘धरसोड्या’ म्हटलें असतें तर त्यांस दोष देतां आला नसता!

परंतु १९११ त गिरगांवांत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट त्यांनीं पाहिला आणि साऱ्या कलांस एक घर सांपडलें. देखाव्यांस चित्रकला, चमत्कारांस जादू, फीत धुण्यास छायाचित्रकाराची रसायनविद्या. पुन्हां पाहावयास जातांना त्यांनीं पत्नी सरस्वतीबाईंस बरोबर नेलें. रात्रंदिवस त्याच ध्यासानें कांहीं काळ त्यांची दृष्टीही गेली. बरें वाटतांच विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ त ते लंडनहून यंत्र घेऊन आले. कुंडींत वाटाणा पेरून, त्याच्या वाढीचें एकेक चित्र घेऊन, रोपटें डोळ्यांदेखत उगवतांना त्यांनीं दाखविलें. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठीं तो खटाटोप होता.

ह्यापुढची हकीकत माजघराची आहे. बाईंनीं दागिने दिले. रात्रीं अंधारांत कोऱ्या फितीच्या कडांस यंत्रानें भोंकें पाडावयाचीं, दिवसा उन्हांत पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडावयाचा आणि मध्यंतरीं साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करावयाचा, असा त्यांचा दिनक्रम. तारामतीच्या कामास बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहांतील साळुंके नांवाच्या तरुणास लुगडें नेसविलें; रोहिदास झाला घरचाच भालचंद्र. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशनमध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. पुढें १९१९ च्या ‘कालियामर्दनां’त कन्या मंदाकिनी श्रीकृष्ण झाली.

गुणांबरोबर दोषही सांगितलेच पाहिजेत. स्वभाव हट्टी, नवे भागीदार मिळाले, त्यांच्याशींही खटके उडाले. रागावून ते काशीस गेले आणि तेथें ‘रंगभूमि’ नाटक लिहिलें. परत आले, पण काळ पालटला होता. १९३७ चें ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिकास त्यांनीं देह ठेविला. १९६९ पासून त्यांच्या नांवानें सरकारी पुरस्कार दिला जातो.

आमच्या वाचकांच्या घरींही एखादा मुलगा किंवा मुलगी एका विद्येवर स्थिर न राहणारी असेल. तिला आवरावें कीं पाठीशीं राहावें, ह्याचें सरसकट उत्तर आम्ही देऊं धजत नाहीं. दागिने मोडून पदरीं केवळ कर्ज येणारींही घरें असतात. मात्र पाठीशीं राहावयाचें ठरल्यास तो भार एकट्या गृहिणीच्या अंगावर पडूं नये, आणि पडलाच तर तिचें नांव तरी घेतलें जावें. इगतपुरीस सुटलेलीं इंजिनें घाट उतरून पुढच्या गाडीसाठीं माघारीं जातात. पुढें निघालेल्या उतारूंपैकीं त्यांच्याकडे वळून पाहणारे थोडेच.