पडद्यावरील कीर्ती आणि रंगमंच : चित्रपट-अभिनेत्यांच्या नाट्यप्रयोगांचा एक विचार

गोषवारा

चित्रपटातून कीर्ती मिळविलेले अभिनेते नाटकात काम करू लागले की नाट्यगृहे भरतात. मात्र त्या गर्दीतून रंगभूमीच्या पदरात काय पडते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात पृथ्वीराज कपूर, दुर्गाबाई खोटे, ‘तुम्हारी अमृता’ आणि लंडन-न्यूयॉर्क येथील काही प्रयोग यांच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : रंगभूमी, चित्रपट, अभिनय, प्रयोग, नाट्यव्यवसाय

१. प्रस्तावना

नट आधी रंगमंचावर घडतो आणि मग चित्रपटात जातो, हा क्रम मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला आहे. केशवराव दाते, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांचा प्रवास याच दिशेने झाला. डॉ. लागूंचा ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आला आणि ‘पिंजरा’ हा चित्रपट १९७२ साली प्रदर्शित झाला. याउलट, पडद्यावर आधी प्रसिद्धी मिळवून नंतर रंगमंचावर उभे राहणारे, किंवा पडद्यावरील प्रसिद्धी घेऊन रंगमंचाकडे परतणारे कलावंत संख्येने थोडे आहेत. त्यांच्या नाटकांविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. कोणी त्यांना नाट्यव्यवसायाचे तारणहार मानतो, तर कोणी नाटकाच्या पवित्र जागेत शिरलेले उपरे. प्रत्यक्षात हे संबंध अधिक गुंतागुंतीचे आहेत. कीर्ती ही एक प्रकारची पुंजी होय. ती कोठे गुंतवली जाते यावर रंगभूमीचा नफा-तोटा ठरतो.

२. दोन माध्यमांतील अभिनय

चित्रपटात अभिनय तुकड्यातुकड्यांनी होतो. शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी चित्रित होऊ शकतो. एखादा तुकडा फसला तर तो पुन्हा घेता येतो आणि अखेरची लय संकलकाच्या हाती असते. कॅमेरा नटाच्या चेहऱ्याजवळ येत असल्याने पापणीची हालचालही अर्थवाही ठरते. रंगमंचावर यांपैकी एकही सोय नसते. दोन-अडीच तासांचा प्रयोग सलग पेलावा लागतो. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो, आणि तोही ओरडल्यासारखा न वाटता. कालचा प्रयोग रंगला याचा आज काही उपयोग होत नाही.

त्यात प्रसिद्ध अभिनेत्यापुढे एक जादा अडचण असते. त्याने रंगमंचावर पाऊल टाकताच टाळ्या पडतात. त्या टाळ्या पात्राला नसून व्यक्तीला असतात आणि त्यामुळे नाटकाचा भास पहिल्याच क्षणी भंगतो. तो पुन्हा उभा करण्यात पुढची काही मिनिटे खर्ची पडतात. सहकलाकारांना आणि दिग्दर्शकाला हा तोल प्रत्येक प्रयोगात सांभाळावा लागतो.

३. पृथ्वीराज कपूर : कमाई रंगभूमीकडे वळवणारा नट

पृथ्वीराज कपूर यांना रंगमंच नवा नव्हता. ग्रँट अँडरसन यांच्या फिरत्या इंग्रजी नाटक कंपनीत त्यांनी कामे केली होती. तथापि देशभर त्यांचे नाव झाले ते चित्रपटांमुळे. १९३१ च्या ‘आलम आरा’त ते होते आणि १९४१ च्या ‘सिकंदर’ने त्यांना अग्रगण्य अभिनेत्यांत नेऊन बसवले. अशा भरभराटीच्या काळात, १९४४ साली, त्यांनी मुंबईत ‘पृथ्वी थिएटर्स’ ही फिरती नाट्यसंस्था स्थापन केली. चित्रपटांतून मिळणारा पैसा ते या संस्थेत ओतत राहिले. ‘शकुंतला’नंतर ‘दीवार’, ‘पठाण’, ‘गद्दार’, ‘आहुती’ ही नाटके आली. फाळणी, हिंदू-मुस्लिम संबंध आणि निर्वासितांची परवड हे त्यांतील प्रमुख विषय होते. प्रयोग संपल्यावर पृथ्वीराज स्वतः दाराशी झोळी पसरून उभे राहत आणि बाहेर पडणारे प्रेक्षक तीत मदतनिधी टाकत. चेहऱ्याच्या ओळखीचा हा उपयोग आगळाच म्हटला पाहिजे.

संस्थेने सोळा वर्षांत गावोगावी अडीच हजारांहून अधिक प्रयोग केले. प्रकृती आणि आवाज यांनी साथ सोडल्यामुळे १९६० साली तिचे काम थांबले. सर्व भार एका माणसाच्या नावावर आणि कंठावर असल्याचा हा अटळ परिणाम होता. असे असले तरी संस्थेचे देणे मागे उरले. जोहरा सहगल यांच्यासारख्या अभिनेत्री तेथे दीर्घकाळ वावरल्या. संगीतकार शंकर-जयकिशन यांची उमेदवारीही तेथेच झाली. पुढे शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी १९७८ साली जुहू येथे ‘पृथ्वी थिएटर’ची वास्तू उभी केली. तिचे उद्घाटन गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मूळ मराठी नाटकाच्या हिंदी प्रयोगाने झाले आणि त्यात नसीरुद्दीन शाह, ओम पुरी व बेंजामिन गिलानी यांच्या भूमिका होत्या. चित्रपटाच्या पैशातून सुरू झालेल्या परंपरेला अशा रीतीने कायमची जागा मिळाली. प्रायोगिक नाटकाला लागणारे लहान, परवडणारे नाट्यगृह ही त्या परंपरेची सर्वांत टिकाऊ देणगी होय.

४. दुर्गाबाई खोटे : पडद्यावरून रंगमंचावर

मराठीतील ठळक उदाहरण दुर्गाबाई खोटे यांचे आहे. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभात कंपनीच्या बोलपटातील तारामतीच्या भूमिकेने त्या घराघरांत पोचल्या. प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने चित्रपटात काम करणे त्या काळी धाडसाचे होते. चित्रपटात मान्यता मिळाल्यानंतर त्या रंगभूमीकडे वळल्या आणि मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यचळवळीत त्यांनी मोलाची भर घातली. वि. वा. शिरवाडकर यांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मध्ये १९५४ साली त्यांनी नायिकेची भूमिका केली. पाठ्यपुस्तकातला शेक्सपिअर मराठी प्रेक्षकासमोर आणताना त्यांच्या नावाने साहजिकच कुतूहल वाढवले; पण पुढचे काम भाषेने आणि आवाजाने करायचे होते. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या उदाहरणाचे महत्त्व असे की, येथे संस्था कलावंतापेक्षा मोठी होती. साहित्य संघाला स्वतःचे नाटककार, जुनेजाणते नट आणि ठरावीक प्रेक्षक होते. प्रसिद्ध अभिनेत्री त्या घडीत सामील झाली. घडी तिच्याभोवती बांधली गेली नाही.

५. ‘तुम्हारी अमृता’ : तारखांवर शोधलेला तोडगा

चित्रपट-अभिनेत्याला नाटकात घेताना निर्मात्यापुढची खरी अडचण मानधनापेक्षा तारखांची असते. महिनाभर तालीम आणि नंतर नियमित प्रयोग यांसाठी त्याच्याकडे सलग वेळ नसतो. १९९२ साली फिरोज अब्बास खान यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तुम्हारी अमृता’ने या अडचणीला सोयीचे ठरणारे रूप धारण केले. ए. आर. गर्नी यांच्या ‘लव्ह लेटर्स’वर आधारित हे नाटक जावेद सिद्दिकी यांनी उर्दूमिश्रित हिंदीत लिहिले. शबाना आझमी आणि फारुख शेख टेबलापाशी बसून पत्रे वाचत. हालचाली नाहीत, नेपथ्याचा डोलारा नाही. त्यामुळे प्रयोग कोठेही नेता येई आणि मोठ्या खंडानंतरही करता येई. पडद्यावरचा संयत, सूक्ष्म अभिनय येथे उणीव न ठरता गुण ठरला. डिसेंबर २०१३ मध्ये फारुख शेख यांचे निधन झाले. तोपर्यंत एकवीस वर्षे ही जोडी प्रयोग करीत होती. नाटकाचा घाट आणि अभिनेत्याची मर्यादा यांचा मेळ बसला की तडजोडीतूनही कलाकृती निपजते, हे यावरून दिसते.

६. लंडन आणि न्यूयॉर्क : पाहुणा तारा

पाश्चात्त्य व्यावसायिक रंगभूमीवर ठरावीक आठवड्यांपुरता येणारा तारा ही आता रूढ पद्धत झाली आहे. २००६ साली ज्युलिया रॉबर्ट्स यांनी ब्रॉडवेवर ‘थ्री डेज ऑफ रेन’ केले. समीक्षकांनी त्यांच्या अभिनयावर कठोर टीका केली, तरी तिकिटे संपली. २०२५ साली डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलनहॉल यांच्या ‘ऑथेल्लो’चे सर्वांत महाग तिकीट ९२१ डॉलरवर गेले. एका आठवड्याचे उत्पन्न २८ लाख डॉलरपुढे जाऊन गद्यनाटकांच्या कमाईचा विक्रम झाला. टोनी पुरस्कारांत मात्र या प्रयोगाला एकही नामांकन मिळाले नाही. गल्ला आणि गुणवत्ता यांचा संबंध किती सैल असू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. शिवाय एवढ्या किमतीत नवा, तरुण प्रेक्षक नाट्यगृहात येण्याऐवजी बाहेरच राहतो.

याच परंपरेत एक वेगळे दृश्यही आढळते. दूरचित्रवाणीमुळे लोकप्रिय झालेले डेव्हिड टेनंट २००८ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या ‘हॅम्लेट’मध्ये होते. लंडनच्या प्रयोगांच्या वेळी पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांना थांबावे लागले. टेनंट यांच्यासाठी तिकिटे काढलेल्या प्रेक्षकांसमोर लेआर्टीसची भूमिका करणारे एडवर्ड बेनेट हॅम्लेट म्हणून उभे राहिले आणि त्यांनी प्रयोग यशस्वीपणे पेलला. २०१४ साली हेच बेनेट त्या कंपनीत शेक्सपिअरच्या सुखात्मिकांचे नायक होते. बदली कलाकार तयार ठेवणारी स्थायी संस्था असल्यामुळे ताऱ्याची अनुपस्थिती दुसऱ्या नटाची संधी ठरली.

७. समारोप

वरील उदाहरणांवरून असे म्हणता येईल की, चित्रपट-अभिनेत्याचे नाव पहिल्या प्रयोगाची तिकिटे विकू शकते. त्यानंतरचा प्रयोग संहिता, तालीम आणि संच यांवर चालतो. पृथ्वीराजांच्या कीर्तीतून संस्था व पुढे वास्तूची परंपरा निर्माण झाली, दुर्गाबाईंची कीर्ती एका चालत्या चळवळीला मिळाली, आणि शबाना आझमी व फारुख शेख यांच्या नावांनी साध्या घाटाच्या नाटकाला दीर्घायुष्य दिले. जेथे संपूर्ण प्रयोगच एका चेहऱ्याभोवती बेतला जातो, तेथे तो चेहरा निघून गेल्यावर केवळ हिशेबाची वही उरते.

म्हणून नाट्याभ्यासकाने अशा प्रयोगांचे मूल्यमापन करताना ‘हाउसफुल्ल’च्या पाटीबरोबर आणखी काही गोष्टी तपासणे आवश्यक आहे : तिकिटाचा दर कोणाला परवडला, संचातील इतर नटांना किती वाव मिळाला, आणि तारा परत गेल्यानंतर त्याच नाट्यगृहात पुढच्या अपरिचित नाटकाला किती प्रेक्षक आले. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण रंगभूमी रोज रात्री नव्याने जगते आणि तिला रोज प्रेक्षक लागतो.